कारखाना मोठा केला की साखर स्वस्त पडते, हे ताळेबंदावरून कळतं का? (टोपणनावांनी बोलणाऱ्या तिघांची चर्चा)

आकडेमोड: साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत पुन्हा तेच पालुपद: गाळप क्षमता दिवसाला २५०० टनांवरून ५००० करा, टनामागचा खर्च उतरेल. पुरावा काय, तर मोठ्या-छोट्या कारखान्यांचे प्रक्रिया खर्च (उसापासून साखर बनवायचा खर्च) शेजारी छापलेले. यातून क्षमता नाही, हंगाम दिसतो. राज्यात २०१८-१९ ला १०७ लाख टन साखर झाली; दुष्काळ आणि पुरानंतर २०१९-२० ला ६१ लाखांच्या आसपास. यंत्रं तीच, पगार तेच, व्याज तेच, फक्त भागायला टन कमी. ज्याला ऊस मिळाला तो कागदावर स्वस्त दिसणारच.

हिशोबनीस: मग मोजायचंच नाही का? पाच-सहा हंगाम घ्या, क्षमता आणि गाळपाचे दिवस वेगवेगळे धरा. अर्थतज्ज्ञ मार्क नर्लोव्ह यांनी १९६३ साली अमेरिकेतल्या १४५ वीज कंपन्यांच्या खर्चावरून हे मोजलंच की. उत्पादन १ टक्का वाढल्यावर खर्च ०.८ टक्केच वाढला, तर आकाराचा फायदा आहे. त्यांना तो छोट्या कंपन्यांत जास्त दिसला, मोठ्यांत विरत गेलेला. दुप्पट क्षमतेच्या बॉयलरला दुप्पट पैसे पडत नाहीत, हे कुठलाही इंजिनिअर सांगेल.

आकडेमोड: तिथे दर सरकारी नियंत्रणात, मागणी येईल तेवढी वीज द्यायलाच हवी. म्हणून उत्पादन किती, हे कंपनी नाही, मागणी ठरवते असं धरता आलं. इथे जो वेळेवर बिलं देतो त्याच्याकडे ऊस पळतो. म्हणजे कारभार चांगला म्हणून गाळप जास्त आणि खर्चही कमी. श्रेय मात्र आकाराला!

बांधावरून: दोघंही प्रक्रिया खर्चातच अडकलात. क्षमता वाढली की ऊस लांबून आणावा लागतो. त्या तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतून, म्हणजे उसाच्या सरकारी किमान दरातून, कापतात, तोही सगळ्यांची सरासरी काढून. माझा ऊस कारखान्याच्या गव्हाणीपासून हाकेच्या अंतरावर, पण कपात चाळीस किलोमीटरवाल्याइतकीच. कारखान्याच्या टनामागच्या खर्चात हे येतच नाही, माझ्या बिलात येतं.

हिशोबनीस: हा मुद्दा बिनतोड. वाहतूक खर्चात धराच. तरीही १२५० टनांचे कारखाने महागच निघतील, माझी पैज.

आकडेमोड: निघतीलही. पण ५००० वाल्यांच्या आसवनीला (मद्यार्क बनवायला) मळी आणि वीजनिर्मितीला बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, कुठल्या भावानं दिला, ते आधी बघा. भाव चढा धरला की साखरेचा खर्च आपोआप खाली येतो. विस्तारासाठी कर्ज मागताना कुठला भाव धरतात, ते सांगायला नको.

बांधावरून: आणि त्या कर्जाचं व्याज?