मोगऱ्याच्या कळ्या जांभळ्या पडून गळतायत, मदत हवी आहे

मुक्काम सातारा. घरामागे छोटंसं परस आहे, काळी माती, बोअरचं पाणी. खरं तर यंदाच्या उन्हाळ्यात काय काय फुललंय ते तुम्हाला सांगायचं म्हणून फोटो काढायला गेले होते. मधुमालती कुंपण सोडून शेजारच्या पत्र्यावर चढलीय. संध्याकाळी उमलते तेव्हा पांढरी, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. बोगनवेलीचं पाणी फेब्रुवारीपासून तोडलं होतं, आता तिचं पान दिसत नाही इतकी फुललीय. नारळाच्या सावलीत अबोली आहे. मे फ्लॉवरच्या कंदांनी नाकं वर काढलीत, वळवाची एक सर आली की लाल चेंडू उभे राहतील.

पण फोटो काढता काढता मोगऱ्यापाशी आले आणि तिथेच अडकले.

हा बटमोगरा सासूबाईंनी लावलेला, 30 वर्षं तरी झाली असतील. न्हाणीचं पाणी जातं तिथे आहे. आमच्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ओटीत भिजवलेले हरभरे, वाटीत आंब्याची डाळ, पन्हं आणि प्रत्येकीला याच झाडाचा गजरा, हे ठरलेलं. सासूबाई दुपारी चारनंतर टपोऱ्या कळ्या खुडायच्या, ओल्या फडक्यात ठेवायच्या आणि केळीच्या सोपटात गुंफायच्या. यंदा जानेवारीत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता मागच्या दाराशी खुर्चीत बसतात आणि रोज विचारतात, "आज किती गं?" मी सांगते, पाच. कधी सात. पूर्वी याच दिवसांत ओंजळ भरायची.

झालंय असं की कळ्या धरतात भरपूर, पण मोठ्या व्हायच्या आत जांभळट पडतात, सुकतात, हात लावला की गळतात. काही कळ्या एकमेकींना जाळीनं चिकटल्यासारख्या आहेत. शिवाय जुन्या पानांवर बारीक पिवळे ठिपके.

मी केलेलं: रोज सकाळी पाणी, महिन्यापूर्वी मूठभर युरिया, एकदा पातळ ताक फवारलं. ऑपरेशनच्या गडबडीत जानेवारीतली छाटणी राहून गेली. हळदीकुंकू बारा दिवसांवर आहे. त्याआधी काही करता येईल का?

प्रतिसाद: गच्चीवरची_माती, ठाणे
ताई, पानांवरचे ठिपके म्हणजे लाल कोळी असणार. पांढरा कागद पानाखाली धरून फांदी झटका. कागदावर मिरीच्या भुकटीएवढे ठिपके चालताना दिसले तर तेच. कोरड्या उन्हात ही कीड फार वाढते. चार-पाच दिवस सकाळी पाइपानं पानांच्या खालच्या बाजूनं जोरात पाणी मारा. माझ्या कुंड्यांमधली बरीचशी तेवढ्यानंच गेली होती.

प्रतिसाद: परसदारी, सांगली
लाल कोळ्याचं बरोबर आहे, पण कळ्या त्यानं जांभळ्या होत नाहीत. ही दोन वेगळी दुखणी वाटतात. दहा-बारा जांभळ्या कळ्या तोडून नखानं उभ्या चिरा. आत काय दिसतं ते सांगा, मग औषधाचं बोलू. न बघता काही फवारू नका.

अंगणातली (मूळ प्रश्न माझाच)
चिरल्या. बाहेरून टाचणीनं टोचल्यासारखं भोक, आतला गाभा खाल्लेला, काळपट विष्ठा आणि तिघींमध्ये हिरवट अळी, डोकं काळं. कागदावर लाल ठिपकेही चालत होते, म्हणजे तेही आहेत. सासूबाईंना अळी दाखवली तर म्हणाल्या, "म्हणजे पाण्याचं नाही, मी उगाच तुला म्हणत होते पाणी कमी पडतंय."

प्रतिसाद: परसदारी, सांगली
ही कळी पोखरणारी अळी. आत शिरल्यावर तिला औषध लागत नाही, म्हणून हातानं काढणं हाच पहिला उपाय. जांभळी, भोक पडलेली, जाळीत अडकलेली एकूण एक कळी तोडा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. उकिरड्यावर टाकू नका, तिथून परत येते. झाडाखालच्या गळलेल्या कळ्या, वाळकी पानं गोळा करा, माती दोन बोटं हलवून घ्या.

मग संध्याकाळी ऊन उतरल्यावर निंबोळी तेल, 1 लिटर पाण्यात 5 मिली. आधी त्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचे थोडे थेंब घालून घुसळा, नाहीतर तेल वर तरंगतं. एका फांदीवर मारून एक दिवस बघा, पानं भाजली नाहीत तर सगळ्या झाडावर. पाच-सहा दिवसांनी पुन्हा. कोळ्यांवरही त्याचा उपयोग होतो. युरिया मात्र थांबवा, त्यानं कोवळा पाला येतो आणि किडींना तेच हवं असतं.

एक सांगून ठेवते, बारा दिवसांत जुनी ओंजळ भरणार नाही. आता जी कळी ज्वारीच्या दाण्याएवढी आहे ती वाचवायची, एवढंच धरून चाला.

प्रतिसाद: अनंत_लावलेली, डोंबिवली
छाटणीबद्दल. मोगरा नव्या फुटीवर फुलतो. यंदाचा बहर ओसरला की वाळक्या आणि दाट झालेल्या फांद्या काढा, आत वारा खेळू द्या. मुख्य छाटणी पुढच्या जानेवारीत, त्याआधी पंधरा दिवस पाणी तोडून.

अंगणातली
उशिरा लिहितेय. पहिल्या दिवशी भांडंभर कळ्या काढल्या, काढताना जीव तुटत होता. दोनदा निंबोळी तेल मारलं. दुसरी फवारणी हळदीकुंकवाच्या पाच दिवस आधी झाली, म्हणजे कळ्या डोक्यात माळायला हरकत नव्हती, आणि खुडल्यावर धुवून घेतल्या. त्या दिवशी 43 कळ्या निघाल्या. गजरे नाही झाले. सासूबाईंनी दोन-दोन कळ्या अबोलीच्या चार फुलांमध्ये गुंफल्या, खुर्चीतच बसून, आणि बायकांच्या हातात स्वतः दिल्या. काल सकाळी 60 च्या वर निघाल्या आणि एकही जांभळी नव्हती.

सांगली, ठाणे, डोंबिवली, तिघींचे मनापासून आभार. पावसाळा लागला की या झाडाच्या फांद्यांची छाटकलमं पिशव्यांमध्ये लावणार आहे. मुळं धरली की इथे लिहीन. ज्यांना हवं असेल त्यांनी सांगून ठेवा, सातारा स्टँडवर आणून देईन.