संध्याकाळची गाड्यांची फेरी आणि जेवण : आपले अनुभव लिहा

धागाकर्ता
काल तुळजापूर रस्त्यावर, हिप्परगा तलावाजवळ, जुन्या गाड्यांची रांग जाताना पाहिली आणि आमच्या मंडळींच्या फेऱ्या आठवल्या. फेरीचा वेग आम्ही सर्वांत जुन्या गाडीवरून ठरवत असू. घाटाच्या पायथ्याशी सगळे थांबत आणि शेवटची गाडी दिसल्याशिवाय पहिली हलत नसे. जेवणाची वर्दी दुपारीच देत असू, कारण वीस-पंचवीस माणसे अचानक दारात उभी राहिली, तर कोणत्याही ढाब्यावर सगळ्यांना गरम भाकरी मिळत नाही. पुन्हा फेरी आखायची आहे, तरी अनुभव लिहावेत.

पद्मिनीधारक
उन्हाळा असेल तर सूर्य मावळल्यावरच निघा. आपल्याकडच्या उन्हात जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या इंधनपंपात पेट्रोलची वाफ धरते आणि गाडी नेमकी चढावर बंद पडते. वडिलांनी शिकवल्याप्रमाणे मी ओले फडके पंपावर गुंडाळतो, बॉनेट उघडे ठेवतो आणि इंजिन निवेपर्यंत चावीला हात लावत नाही.

विजापूर रोडकर
काका, फडक्याचा उपाय आमच्या फियाटलाही लागू पडला आहे. हिवाळ्यात मात्र परतीच्या वाटेची काळजी अधिक वाटते. गाळप सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या रात्रभर धावतात आणि अनेकींना मागे लाल दिवा नसतो. समोरून प्रखर दिवे आले की पुढची ट्रॉली दिसतच नाही. अगदी जवळ गेल्यावर बाहेर लोंबणारी उसाची वाढी, म्हणजे शेंड्यांची पाने, तेवढी दिसतात. म्हणून परतताना कोणी कोणाला ओलांडू नये, हा नियम निघण्यापूर्वीच सर्वांना सांगावा.

जुळे सोलापूर
आमच्या घरी गाडी मी चालवते आणि यजमान शेजारी बसतात. ढाबा ठरवताना स्वच्छतागृह आधी जाऊन पाहावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. एके ठिकाणी जेवण उत्तम होते, पण त्या एका गैरसोयीमुळे बरोबरच्या भगिनी पुढच्या फेरीला आल्याच नाहीत.

मंगळवेढेकर
ताईंशी पूर्ण सहमत. आमच्याकडे हुरड्याला या. आगटीतून, म्हणजे निखाऱ्यांच्या खड्ड्यातून, काढलेले ज्वारीचे कणीस तळहातावर चोळावे आणि हिरवे, वाफाळते दाणे शेंगाचटणी व दह्याबरोबर खावेत. भाकरी मालदांडी ज्वारीचीच असेल.

अक्कलकोट रोड
नळदुर्गला जाणार असाल तर किल्ला उजेडातच पाहून घ्या. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला आहे. हुरडा मला फारसा आवडत नाही, पण कडक भाकरी असेल तर कुठेही येईन.

धागाकर्ता
ताई, ढाबा मी स्वतः जाऊन पाहून येतो. पौर्णिमा आणि मंगळवारी तुळजापूरला दर्शनाची गर्दी असते, म्हणून ते दिवस टाळू. पद्मिनी सर्वांत पुढे राहील. हुरडा सुरू झाला की मंगळवेढ्याची फेरी ठरवू.