मोशे घाबरट? नाही पटत

वर कुणीतरी लिहिलंय की मोशे भित्रा होता म्हणून, देवाने जळत्या झुडपातून 'मिसरच्या फारोकडे जा, माझ्या लोकांना सोडवून आण' म्हटल्यावर नाही नाही करत बसला. अहो पण बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकाचा 2रा अध्याय बघा ना, मिसरी माणूस एका हिब्रूला मारतोय म्हटल्यावर हा सरळ मध्ये पडतो, पुढे पळून मिद्यान देशात गेल्यावर मेंढपाळ पाणी भरायला आलेल्या पोरींना विहिरीवरून हुसकावतात तिथेही हाच उभा राहतो. मला वाटतं त्याला लागलं ते आपल्याच एका हिब्रू माणसाचं बोलणं, "तुला आमच्यावर अधिकारी कुणी नेमलं?" मग तो 'मी कोण जाणारा' पासून सुरू करून शेवटी 'दुसऱ्या कुणाला तरी पाठव' वर येतो, यात नवल काय! राशी हा मध्ययुगातला ज्यू भाष्यकार तर म्हणतो देव 7 दिवस मोशेची मनधरणी करत होता.

आणि मोशे स्वतःला 'जड जिभेचा' म्हणतो, त्यावरून मिद्राशमधली (म्हणजे ज्यूंच्या जुन्या भाष्यकथांमधली) गोष्ट आहे, पोराला समज आहे का हे बघायला फारोच्या दरबारात लहानग्या मोशेपुढे सोनं आणि निखारा ठेवतात, हात सोन्याकडे जात असतो तोच गाब्रिएल देवदूत तो निखाऱ्याकडे ढकलतो, पोरगं निखाऱ्यासकट हात तोंडात घालतं आणि जीभ भाजते. मूळ तोरात (ज्यूंच्या धर्मग्रंथात, निर्गम त्यातलंच) हे कुठेच नाही हां, पण गोष्टीप्रमाणे सोनं उचललं असतं तर त्याला समज आहे असं ठरून पोराचा जीवच गेला असता.