शब्दचर्चा: ‘उच्च कोटी’ आणि ‘अनियमित जाळी’

वातकुक्कुट: वातावरणातल्या प्रवाहांच्या संगणकीय प्रतिमानांवर लेख लिहितोय. गणितासाठी वातावरणाचे लहान लहान खण पाडतात, त्या खणांची जाळी म्हणजे ‘मेश’. त्यातल्या ‘हाय ऑर्डर’ आणि ‘अनस्ट्रक्चर्ड मेश’ या दोन शब्दांशी अडलोय. मसुद्यात ‘अनियमित जाळीवरील उच्च कोटीच्या संख्यात्मक पद्धती’ असं लिहिलं, तर बहीण म्हणाली, “म्हणजे जाळी भिकार, पण पद्धती एकदम भारी, असंच ना?”

त्रिज्या: ‘अनियमित’ आधी काढा. खणांचा आकार वेडावाकडा असणं हा मुद्दाच नाही, मुद्दा शेजाऱ्याचा आहे. अक्षांश-रेखांशांच्या जाळीत ३७व्या ओळीतल्या ५२व्या खणाच्या पूर्वेला कोण? ५३वा. आकडाच सांगतो. दुसऱ्या प्रकारात ५२ क्रमांकाच्या खणाला ४०३ही खेटून असेल आणि ९११४ही, म्हणून प्रत्येकाचे शेजारी वेगळ्या तक्त्यात लिहून ठेवावे लागतात.

जर्मन हवामान सेवेचं ‘आयकॉन’ प्रतिमान बघा, २०१५ पासून रोजच्या अंदाजांसाठी वापरात आहे. वीस त्रिकोणी पृष्ठांची घनाकृती गोलावर बसवून ते त्रिकोण पुन्हा पुन्हा विभागलेत. सगळे जवळपास एका मापाचे, तरी शेजारी तक्त्यातूनच शोधायचा. उलट डोंगरउतारावर ताणून वाकवलेली जाळी दिसायला ओबडधोबड, पण ओळी आणि स्तंभ शाबूत; ती ‘स्ट्रक्चर्ड’च.

वातकुक्कुट: मग अक्षांश-रेखांश सोडून हा खटाटोप कशाला?

त्रिज्या: ध्रुवांमुळे. एका अंशाचा खण विषुववृत्तावर १११ किमी रुंद, तर ८९ अंशांवर जेमतेम २. कुराँ, फ्रीड्रिख्स आणि लेवी या गणितज्ञांची १९२८ची अट आहे: साध्या पद्धतींत एका कालपावलात, म्हणजे गणित एका दमात जेवढा वेळ पुढे सरकतं तेवढ्यात, लहर खणापलीकडे उडी मारून गेली, की गणित फुटतं. म्हणजे ध्रुवाजवळच्या चिमुकल्या खणांपायी साऱ्या पृथ्वीला आखूड पावलं टाकायला लावायची.

छांदिष्ट: गणित तुमचं, शब्द माझा. शार्दूलविक्रीडित म्हटलं की म स ज स त त ग. बारावं अक्षर गुरू, हे ओळ न वाचताही सांगता येतं. मुक्तछंदात ती सोय नाही, ओळ वाचावीच लागते. पण म्हणून मुक्तछंदाला कुणी ‘अनियमित कविता’ म्हणत नाही. तेव्हा ‘मुक्तरचित जाळी’.

पानगळ: ‘असंरचित’ हा रुळलेला शब्द काय वाईट आहे? की सरळ खिडकीची ती ‘जाळी’ आणि कोळ्याचं ते ‘जाळं’ असा फरक करावा?

छांदिष्ट: ‘जाळं’चं अनेकवचन काय हो? जाळी! पहिल्याच परिच्छेदात वाचक त्यात अडकेल. आणि कोळ्याचं जाळं बरंच वृत्तबद्ध असतं.

शेषपद: ‘कोटी’कडे वळू. समीकरणाची कोटी पुस्तकांत आहे, पण इथे ‘ऑर्डर’ म्हणजे घातांक. खणाची रुंदी निम्मी केली, तर दुसऱ्या कोटीच्या पद्धतीत चूक एक चतुर्थांश होते, चौथ्या कोटीच्या पद्धतीत एक षोडशांश. अट इतकीच की प्रवाह सुरळीत हवा आणि जाळी आधीच पुरेशी बारीक हवी. म्हणून ‘चौथ्या घाताची पद्धत’ अर्थाला जास्त जवळचं.

पानगळ: विमानांसाठीच्या हवामान अंदाजात ‘घाताची पद्धत’? नको बाबा.

शेषपद: बरं, कोटीच ठेवा, पण ‘उच्च’ काढा, आकडा घाला. ‘चौथ्या कोटीची’ म्हटलं की दर्जाचा वास उरत नाही. आणि दर्जाची हमी नाहीच मुळी. गणितज्ञ गोडुनोव यांनी १९५९ मध्ये दाखवलं, की नवे खोटे चढउतार न आणणारी रेषीय पद्धत (प्रवाह कसाही असो, तेच ठरावीक गुणक वापरणारी) पहिल्या कोटीच्या वर जाऊ शकत नाही. ढगाच्या कडेशी बाष्प एकदम घटतं, तिथे चौथ्या कोटीची रेषीय पद्धत डोलायला लागते आणि बाष्प शून्याच्याही खाली दाखवते! मग रेषीयपणा सोडून लगाम घालणारी सूत्रं जोडावी लागतात.

वातकुक्कुट: शीर्षकात आकडा कसा घालू? लेखात तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत सगळ्या आहेत.

शेषपद: ‘वरच्या कोटीच्या’.

वातकुक्कुट: ‘मुक्तरचित जाळीवरच्या वरच्या कोटीच्या पद्धती’. दोन ‘वरच्या’ लागोपाठ आले.

छांदिष्ट: ‘जाळीसाठी’ करा, सुटेल.