मावशींचा मेसेज

(गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीचा ग्रुप, शनिवार सकाळ)

बी-२०३: सर्वांच्या माहितीसाठी. आपल्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी काल सिव्हिलला एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या, रांगेत दिसल्या. नाव लिहीत नाही, समजून घ्या. घरात लहान मुलं आहेत 🙏

ए-१०४: अगं बाई! माझ्याकडे रोज येते ती.

बी-५०१: सगळ्या कामवाल्यांकडून सर्टिफिकेट घ्यायचा नियम करा. सेक्रेटरी साहेब?

सी-४०२: बी-२०३, तो मेसेज आधी डिलीट करा. सगळ्यांसाठी. मग बोलू.

बी-२०३: का? खोटं लिहिलंय का मी?

सी-४०२: खरं असो नाहीतर खोटं, ते सांगायचा हक्क तुमचा नाही, तिचा. नाव नाही म्हणता, पण पोळ्यांच्या मावशी आपल्याकडे आहेत किती? एकच. मी बावीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. मी कोणाला ओळखते की नाही, दोन्ही सांगणार नाही, विचारू नका. त्या रांगेत माणूस घरच्या कोणाच्या गोळ्या घ्यायलाही उभा असतो.

बी-५०१: सिस्टर, तुमचा मान आहेच. पण पोळ्या लाटताना बोट कापलं तर?

सी-४०२: तर पट्टी लावायची, तुम्ही लावता तशी. अन्नातून हा विषाणू जात नाही. असुरक्षित संबंध, वापरलेली सुई, न तपासलेलं रक्त, आणि उपचार नसतील तर आईकडून बाळाला, एवढेच रस्ते. लिफ्ट, संडास, ताटवाटी, खोकला यांतून नाही.

ए-३०२: आणि डास चावला तर?

सी-४०२: डासाने डेंग्यू होतो. ए विंगच्या गच्चीवरची टाकी महिनाभर उघडी आहे, त्यावर बोला की.

ए-३०२: 😄 झाकण सांगितलंय.

सी-४०२: मी नोकरीला लागले तेव्हा या आजाराची औषधं स्वतःच्या खिशातून घ्यावी लागायची. ज्याला परवडायचं नाही तो घरी जायचा, परत यायचा नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रात फुकट मिळायला लागली, तरी सीडी-४ पेशी (शरीराची प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या) ठरावीक आकड्याखाली आल्याशिवाय सुरू करत नसत. २०१७ पासून निदान झालं की लगेच. आता बहुतेकांना रोज एक गोळी. ती नेमाने घेतली की विषाणू इतका दबतो की तपासणीत सापडत नाही, आणि तसाच दबून राहिला तर शरीरसंबंधातूनही जोडीदाराला होत नाही. जे नवऱ्याला होत नाही ते तुम्हाला पोळीतून कसं होईल?

सी-४०२: गोळी सुटली की मात्र तो परत वाढतो. आणि सुटते कशाने? खाडा केला तर पगार कापतात म्हणून, रांगेत कोणी ओळखीचं बघेल म्हणून. आज ४१ जणांनी हा मेसेज वाचलाय.

सी-१०१ (वकील): सर्टिफिकेटचं विसरा. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढणं, घर नाकारणं, हा भेदभाव ठरतो. कामावर घेताना तपासणीची अट घालता येत नाही. आणि लिहून-बोलून द्वेष पसरवला तर तीन महिने ते दोन वर्षं कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

बी-५०१: मी फक्त विचारलं हो.

(बी-२०३ ने मेसेज डिलीट केला)

बी-२०३: चुकलं. मला मुलांची भीती वाटली.

सी-४०२: भीती वाटली तर १०९७ ला फोन करा, फुकट आहे, नावही सांगावं लागत नाही. ग्रुपवर टाकू नका. आणि मावशींना कोणीही काही विचारायचं नाही. ‘मला कळलंय, पण मी काही बोलणार नाही’ असंसुद्धा नाही.

ए-१०४: मग मी करू काय? उद्या ती आली की माझ्या चेहऱ्यावरच दिसेल.

सी-४०२: काकू, महिन्यातून एक दिवस तिने उशिरा येते म्हटलं तर ‘का’ विचारू नका, पगार कापू नका. झालं.

ए-१०४: ते करीन. आणि तिच्या चहाच्या कपाचं म्हणशील तर तो आमच्याकडे आधीपासूनच वेगळा आहे, ग्रिलवर ठेवतो.

सी-४०२: हो काकू. दिसतो जिन्यातून जाताना.

सेक्रेटरी: विषय इथेच थांबवा. टाकीवाला चार वाजता येतोय, ए विंगने गच्चीची किल्ली द्यावी.