टक्करक्षेत्रातील निर्वात पंप बीममुळे तापतो, तेव्हा नेमके काय घडते?

ऐरोलीकर (प्रश्न)

नमस्कार. मी ऐरोलीत राहतो आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना उष्णताशास्त्र शिकवतो. ठाण्यात आमचा एक छोटा अभ्यासगट दर महिन्याला भरतो. पुढच्या बैठकीत मला कणत्वरकांमधील निर्वात व्यवस्थेविषयी बोलायचे आहे. त्यासाठी मी कॅलिफोर्नियातील स्लॅक प्रयोगशाळेतल्या पेप-२ या यंत्राचे उदाहरण निवडले आहे. १९९९ ते २००८ या काळात तेथे ९ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन आणि ३.१ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे पॉझिट्रॉन बाबार डिटेक्टरच्या (टकरीतून निघणारे कण टिपणाऱ्या उपकरणाच्या) मध्यभागी एकमेकांवर आदळवले जात असत.

माझी अडचण अशी आहे. बीमचा, म्हणजे कणांच्या झोताचा, प्रवाह वाढवला की पंपांचे तापमान वाढते, तापमान वाढले की दाब वाढतो आणि दाब वाढला की डिटेक्टरमधील बॅकग्राउंड (टकरीशी संबंध नसलेल्या नकोशा नोंदी) वाढते, हा क्रम मला समजतो. पण बीम पंपाला स्पर्शही करत नाही. तो बीमपाइपच्या मधून जातो, आणि पंप मात्र बाजूच्या कप्प्यात, जाळीमागे बसवलेला असतो. मग ही उष्णता तेथे पोहोचते कशी? सिंक्रोट्रॉन प्रारणामुळे (वळणाऱ्या कणांतून निघणाऱ्या किरणांमुळे), असे उत्तर मी टिपणात लिहून ठेवले आहे, परंतु ते मला स्वतःलाच पटत नाही, कारण प्रारणाचा झोत सरळ रेषेत जाऊन ठरावीक भिंतीवर पडतो आणि ती भिंत पाण्याने थंड ठेवलेली असते. दुसरी शंका अशी की, पंप अपुरा पडत असेल तर तेथे अधिक मोठा पंप का बसवत नाहीत?

वाशी_निवृत्त

ऐरोलीकर, आपली शंका रास्त आहे आणि टिपणातील ते वाक्य आपण काढून टाकावे, असे मी सुचवीन. माझी बरीच वर्षे त्वरकांच्या रेडिओ-वारंवारता यंत्रणेवर काम करण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बीम हा अखंड प्रवाह नसतो. कण पुंजक्यापुंजक्यांनी धावतात आणि प्रत्येक पुंजक्यासोबत पाइपच्या आतल्या पृष्ठभागावरून तितकाच, पण विरुद्ध चिन्हाचा प्रतिमा-प्रवाह धावत असतो. पाइप गुळगुळीत आणि एकसारखा असेल तर तो प्रवाह निमूटपणे पुढे जातो व भिंतीच्या रोधामुळे होणारा ऱ्हास तेवढा उरतो. पण जेथे पाइपचा आकार बदलतो, जेथे कॉलिमेटरचे (झोताच्या कडेचे भरकटलेले कण छाटणाऱ्या साधनाचे) जबडे आत येतात, बेलोची (पाइपच्या लवचिक सांध्याची) घडी असते किंवा पंपाकडे जाणारी फट असते, तेथे पुंजक्याच्या क्षेत्राचा काही भाग मागे तुटून राहतो आणि पाइपमध्ये सूक्ष्मलहरींच्या रूपाने फिरू लागतो. या लहरींना आम्ही एचओएम (हायर ऑर्डर मोड) म्हणतो. टक्करक्षेत्रात हे सारेच अडथळे थोड्या मीटरांत दाटीवाटीने येतात, कारण तेथे दोन पाइप एकत्र होतात, प्रारण अडवणारे मुखवटे असतात आणि शेवटचे चुंबकही तेथेच बसवावे लागतात.

हा लहरींचा ऱ्हास किती, याचा साधा हिशेब असा: एकूण प्रवाहाचा वर्ग, गुणिले दोन पुंजक्यांमधील काळ, गुणिले त्या जागेचा ऱ्हास-गुणांक (ती जागा पुंजक्याची किती ऊर्जा हिरावते, ते सांगणारा आकडा). पुंजक्यांमधील अंतर ४.२ नॅनोसेकंद, प्रवाह ३ अँपिअर आणि गुणांक पिकोकूलोंबमागे ०.१ व्होल्ट धरला, तर उत्तर सुमारे ३.८ किलोवॉट येते. तीच जागा आणि तितकेच पुंजके ठेवून प्रवाह १.५ अँपिअरवर आणला, तर ऊर्जा एक चतुर्थांश होते. शिवाय एखाद्या पोकळीची स्वाभाविक वारंवारता पुंजक्यांच्या वारंवारतेच्या पटीवर नेमकी बसली, तर या हिशेबापेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा तेथे साठते. पुंजका आखूड केला तरी गुणांक वाढतो, कारण आखूड पुंजक्याचा वर्णपट अधिक उंच वारंवारतांपर्यंत जातो. सेंटिमीटरभर लांबीच्या पुंजक्यासाठी तो साधारण ५ गिगाहर्ट्‌झपर्यंत पोहोचतो.

आता ही लहर जाळीपलीकडे कशी जाते ते पाहू. पंपापुढच्या फटी बहुधा बीमच्या दिशेने लांबट कापलेल्या असतात, कारण प्रतिमा-प्रवाह त्याच दिशेने वाहतो आणि लांबट फट त्याला आडवी येत नाही. बीमच्या स्वतःच्या क्षेत्रापुरता हा बंदोबस्त उत्तम आहे. पण कॉलिमेटरसारख्या एका बाजूने आत आलेल्या अडथळ्यातून निर्माण झालेल्या लहरींचे प्रवाह भिंतीवर आडवेही वाहतात. आडवा प्रवाह लांबट फटीवर आला की ती फट अँटेनाप्रमाणे वागते आणि लहर पंपाच्या कप्प्यात शिरते. म्हणजे उष्णता जेथे निर्माण होते असे वाटते, तेथे तिचा उगम असतोच असे नाही. तो कित्येक मीटर मागच्या कॉलिमेटरजवळ असू शकतो. पेप-२च्या पॉझिट्रॉन वलयात पंपांच्या कप्प्यांतील गेटर (वायू शोषून धरणाऱ्या धातूच्या पट्ट्या) याच पद्धतीने तापत होते, आणि त्याचा शोध घेणाऱ्यांनी पंपाइतकेच लक्ष कॉलिमेटरकडे दिले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

रबाळे_व्हॅक्यूम

मी रबाळ्याच्या एमआयडीसीत निर्वात कोटिंगच्या कारखान्यात देखभालीचे काम पाहतो. त्वरक मी जवळून पाहिलेला नाही, पण तापलेल्या चेंबरमध्ये दाब कसा वर चढतो ते रोज पाहतो, म्हणून आपल्या दुसऱ्या शंकेविषयी दोन गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट मोठ्या पंपाची. या दाबाला पंपाच्या आकारापेक्षा मधली नळी जास्त अडवते. ५ सेंटिमीटर व्यासाच्या आणि २ मीटर लांबीच्या नळीतून हवेसाठी सेकंदाला सात-आठ लिटरच वहन होते, मग तिच्या टोकाला सेकंदाला हजार लिटरचा पंप लावा किंवा दहा हजारांचा. डिटेक्टरच्या पोटात मोठा पंप बसवायला जागाच नसते, आणि म्हणून वायू जेथे सुटतो त्याच्या शेजारी गेटरच्या पट्ट्या ठेवाव्या लागतात. त्या बीमच्या इतक्या जवळ का असतात, याचे उत्तर त्यात आहे.

दुसरी गोष्ट गेटरच्या स्वभावाची. गेटर वायू बाहेर फेकत नाही, तो स्वतःमध्ये धरून ठेवतो. ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन मोनॉक्साइड त्याच्याशी रासायनिक रीतीने कायमचे बांधले जातात. हायड्रोजन मात्र धातूत नुसता विरघळतो आणि तापवल्यावर परत सुटतो. झिर्कोनियम, व्हॅनेडियम आणि लोह यांच्या एसटी-७०७ या मिश्रधातूत दर ग्रॅममागे एक टॉर-लिटर (टॉर हे दाबाचे एकक) हायड्रोजन साठलेला असेल, तर २०० अंश सेल्सियसला त्याचा समतोल दाब आठ अब्जांश टॉरच्या आसपास असतो, आणि ३०० अंशांना तो एक दशलक्षांश टॉरच्या वर जातो. शंभर अंशांत दीडशेपटीहून अधिक वाढ. साठा दुप्पट झाला तर दाब चौपट होतो, त्यामुळे जुना, भरत आलेला गेटर नव्यापेक्षा फार लवकर उलटतो.

ऐरोलीकर, आपण उष्णताशास्त्र शिकवता, म्हणून एक गणित आपल्यासाठी. निर्वातात हवा नसते आणि पट्टी अनेकदा उष्णतारोधक आधारांवर बसवलेली असते. वरच्या ३.८ किलोवॉटपैकी फक्त एक टक्का, म्हणजे ३८ वॉट, शंभर चौरस सेंटिमीटरच्या पट्टीत मुरले आणि उष्णता केवळ प्रारणानेच बाहेर गेली, तर उत्सर्जकता ०.५ धरून पट्टी सुमारे ३४० अंशांवर स्थिरावते. बाहेरच्या पोलादी आवरणावर चिकटवलेला तापमापक तेव्हा ५० अंशही दाखवणार नाही, असे सहज घडू शकते. आमच्याकडे नवीन मुलांना मी आवर्जून सांगतो की तापमापक कशावर बसवला आहे ते आधी पाहा आणि मग आकडा वाचा.

ऐरोलीकर

दोघांचेही मनापासून आभार. पट्टीचे गणित मी करून पाहिले, ते बरोबर येते. आता एकच प्रश्न उरतो: यंत्र चालू असताना, आत हात घालणे शक्य नसताना, दाबवाढ सिंक्रोट्रॉन प्रारणामुळे आहे, तापलेल्या पंपामुळे आहे की पॉझिट्रॉन वलयातील इलेक्ट्रॉन-मेघामुळे (पाइपमध्ये साचणाऱ्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे), हे कसे ओळखायचे?

वाशी_निवृत्त

रबाळ्याच्या मित्रांनी तापमापकाविषयी लिहिले, ते प्रत्येक यंत्रचालकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः काळात दडलेले आहे. प्रारण भिंतीवर पडून सुटणारा वायू बीमबरोबर येतो आणि बीमबरोबर जातो, आणि त्याची वाढ प्रवाहाच्या सरळ प्रमाणात असते. तापलेला पंप मात्र कित्येक मिनिटे, कधी तासभर, दाब हळूहळू चढवत राहतो. आणि बीम अचानक बंद पडला, तर दाबाचा एक भाग तत्क्षणी पडतो व उरलेला भाग पट्टी निवेल तसा संथपणे उतरतो. बीम गेल्यानंतरचा तो उतार मला सर्वांत विश्वासार्ह पुरावा वाटतो, कारण त्या वेळी प्रारणही नसते आणि मेघही नसतो.

दुसरी परीक्षा पुंजक्यांची. एकूण प्रवाह तोच ठेवून पुंजक्यांची संख्या दुप्पट केली, तर प्रारण बदलत नाही, एचओएमची ऊर्जा साधारण निम्मी होते आणि इलेक्ट्रॉन-मेघ उलट बळावतो, कारण पुंजके जवळ आले की मेघाला विरायला वेळ मिळत नाही. तीन कारणांनी तीन वेगळ्या दिशांना जावे, अशी ही एकच चाचणी आहे. मेघाची आणखी खात्री करायची असेल तर पाइपभोवती गुंडाळलेल्या सोलेनॉइडचा (चुंबकक्षेत्र देणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) प्रवाह बदलून पाहतात. पेप-२ आणि जपानमधील केक-बी या दोन्ही यंत्रांत असे सोलेनॉइड गुंडाळलेले होते. त्यामुळे मेघ दबतो, पंपाच्या तापमानावर मात्र काहीच परिणाम होत नाही. आणि रेडिओ-वारंवारतेचा व्होल्टेज थोडा उतरवून पुंजका लांबवला की पंप थंड पडू लागला, तर एचओएमविषयी शंका उरत नाही.

बॅकग्राउंडच्या बाबतीत एक दुरुस्ती सुचवतो. बीमचे कण उरलेल्या वायूच्या अणूंवर आपटण्याचा दर दाब गुणिले प्रवाह इतका असतो. दाब स्वतः प्रवाहाच्या प्रमाणात असेल तर बॅकग्राउंड प्रवाहाच्या वर्गाने वाढते. पण पंपच वायू सोडू लागला की ही वाढ वर्गाच्याही पुढे जाते. शिवाय ऊर्जा गमावलेला कण टक्करबिंदूच्या खूप आधीच्या सरळ भागात वायूवर आपटलेला असतो आणि शेवटचे चुंबक त्याला वाकवून डिटेक्टरमध्ये टाकतात. म्हणून डिटेक्टरलगतचा दाबमापक शांत दिसला तरी चौकशी तेथे थांबवू नये. येणाऱ्या बीमच्या बाजूच्या कित्येक मीटरांतील पंप तपासावे लागतात.

उपायाविषयी थोडक्यात. लहर पंपात शिरण्यापूर्वीच ती शोषून घेणे, हा खरा उपाय. पेप-२मध्ये सूक्ष्मलहरी शोषणारे, पाण्याने थंड केलेले सिरॅमिकचे शोषक बसवण्यात आले, म्हणजे जी ऊर्जा पट्टीत मुरायची ती पाण्यातून बाहेर जाते. केक-बीच्या जागी आलेल्या सुपरकेक-बीमध्ये गेटरच्या पट्ट्या बीमच्या मार्गापासून बाजूला, उपकक्षात ठेवल्या आहेत आणि सांध्यांवर कंगव्याच्या दात्यांसारखी संपर्कयोजना वापरली आहे. सर्नच्या एलएचसीमध्येही २०११ साली काही बेलोंमधील संपर्कपट्ट्या बीमच्या उष्णतेने बिघडल्याचे आढळले होते, तेव्हा हा प्रश्न इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रांपुरता मर्यादित नाही.

ऐरोलीकर

काळाचा मुद्दा माझ्या ध्यानात आलाच नव्हता. ठाण्याच्या बैठकीसाठी मी आता फळ्यावर एकाच अक्षावर तीन वक्र काढणार आहे: बीमबरोबर पडणारा, पट्टीबरोबर निवणारा आणि सोलेनॉइडला प्रतिसाद देणारा. प्रारणाचे वाक्य टिपणातून काढले असून त्या जागी ३८ वॉटचे गणित विद्यार्थ्यांना सोडवायला दिले आहे. आधारांतून होणारे वहन धरले तर ३४० अंशांचे किती होतात, हा त्याचा दुसरा भाग मी स्वतः आजच सोडवून येथे लिहितो.