आधी किंगपिन बघा, मग शॉक

वळणावर झुकते म्हणून तुमच्या १९७५ च्या एमजीबीला (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) चारही चाकांना टेलिस्कोपिक म्हणजे नळीसारखे शॉक ॲब्सॉर्बर, कडक स्प्रिंगा आणि सगळीकडे पॉलियुरेथेन या कडक प्लास्टिकचे बुश (सांध्यातली मऊ अस्तरं) एकदमच घालायचेत, असं तुम्ही लिहिलंय. जरा थांबा हो. या गाडीत पुढचा मूळचा लीव्हर शॉक (हात असलेला जुन्या पद्धतीचा शॉक) हा नुसता शॉक नाही, त्याचे हात म्हणजेच वरचा विशबोन, चाकाला जागेवर धरणारा दुबेळका हात. तो काढला की चाकाच्या बसणीच्या भूमितीलाच हात घातला. चांगला रीबिल्ड केलेला लीव्हर शॉक, आत तेल भरलेलं, रस्त्यावर उत्तम चालतो. मागे टेलिस्कोपिक लावायचे तर खुशाल लावा, तिथे ॲक्सल धरणारे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेतच.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. १९७४ च्या अखेरीस रबर बंपर आला तेव्हा गाडी इंच-दीड इंच उंच केली गेली, आणि त्या सुमाराच्या रोडस्टरांना (उघड्या टपाच्या गाड्यांना) पुढचा अँटी-रोल बारही, म्हणजे झुकणं रोखणारा दांडाही, दिला नव्हता. वळणावर गाडी झुकते ती त्यामुळे. तो बार बसवा, उंची थोडी उतरवा; अर्धं काम तिथेच होतं.

खालच्या विशबोनला मी तरी एमजीबीच्या व्ही८ इंजिनवाल्या मॉडेलचे बुश घालीन. धातूच्या नळीला चिकटवलेलं रबर असतं, पॉलीसारखं कुरकुरत नाही. मात्र बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. (हे मी एकदा सगळं पुन्हा उघडून शिकलोय.)

आणि या सगळ्याच्या आधी: किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिला, ग्रीस शेवटचं कधी दिलंत?